कात्रीने कापलेली ओळ

मित्रांनो, मी राज्यघटनेची एक जुनी प्रत आहे. सरकारने माणसांशी कसे वागायचे आणि कसे वागायचे नाही, हे माझ्यात लिहिले आहे. एवढी मोठी माझी जबाबदारी, पण माझा मुक्काम मात्र कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, पंख्याखालच्या डुगडुगत्या टेबलावर. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवतो, कुणी चष्मा. मोठेपणाचे सुख मला कधी लाभलेच नाही.

राज्यघटना एकदा छापली की संपले, असे तुम्हाला वाटत असेल. तसे नसते. काळ बदलतो, तशी तिच्यात दुरुस्ती होते. आमच्याकडे दुरुस्ती झाली की सरकारी छापखान्यातून छापील पट्टी येई आणि ती माझ्या पानावर चिकटवली जाई. पहिल्या ग्रंथपालबाई पट्टीच्या फक्त वरच्या कडेला खळ लावत. पट्टी उचलली की खालचे जुने कलम वाचता येई. "काय बदललं, ते दिसायला नको का लोकांना?" असे त्या म्हणत. पट्टी लांब असली तर तिला घडी घालत. त्यांच्या हाताखाली मी जाडजूड झाले, पण तब्येत खणखणीत होती.

त्या निवृत्त झाल्या आणि नवे ग्रंथपाल आले. त्यांना सगळे माघारी टापटीपराव म्हणत. पुस्तकाबाहेर काही लोंबलेले त्यांना खपत नसे. त्याच सुमारास शहरात दंगे झाले आणि घाईघाईने एक दुरुस्ती आली. पकडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी न्यायाधीशापुढे उभे केलेच पाहिजे, असे माझे एक कलम होते. दुरुस्तीने ते थांबवले. तिची पट्टी माझ्या पानापेक्षा लांब होती. टापटीपरावांनी ती चारही कडांनी चिकटवली आणि खाली उरलेली ओळ कात्रीने कापून टाकली. ही दुरुस्ती एका वर्षापुरतीच आहे, पुढे जुने कलम पुन्हा लागू होईल, असे त्या ओळीत लिहिले होते. ओळ केराच्या टोपलीत गेली आणि मला ओरडताही आले नाही.

वर्ष उलटले, मुदत संपली. सरकारने त्याचा गाजावाजा केला नाही, आणि आमच्या वकिलांना मी दाखवीन तेच खरे वाटत होते.

एका दुपारी शिवणकाम करणारी एक ताई आली. तिच्या धाकट्या भावाला कारखान्याच्या संपात पोलिसांनी उचलले होते.

"महिना होत आला, साहेब. कुणासमोर उभंच केलं नाही त्याला. त्यानं केलंय काय, ते तरी सांगा म्हणावं."

वकीलसाहेब सज्जन गृहस्थ. त्यांनी मला उघडले, पट्टीवरून बोट फिरवले आणि सुस्कारा टाकला.

"ताई, घटनेतच लिहिलंय. ते ठेवतील तितके दिवस. मी तरी काय करणार?"

"नक्की असंच लिहिलंय?"

"हे काय, तुमच्यासमोरच आहे."

ती बराच वेळ माझ्या पानाकडे बघत राहिली. पान इतके सुबक होते की शंका घ्यायला जागाच नव्हती. त्या दिवशी मला माझ्या नीटनेटकेपणाची चीड आली.

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. बाकावर बसायची आणि तेच उत्तर घेऊन परत जायची. उन्हाळा गेला, थंडी पडली. शेवटी वकीलसाहेब दुसऱ्याच कामासाठी वरच्या कोर्टात गेले, आणि तिथल्या प्रतीत त्यांनी हेच पान पाहिले. परत आले ते तडक माझ्याकडे. माझ्या पट्टीची खालची कड त्यांनी बोटाने चाचपली आणि टापटीपरावांना हाक मारली.

"अहो, इथली शेवटची ओळ कुठं गेली?"

"ती होय? पानाबाहेर येत होती," टापटीपराव म्हणाले.

वकीलसाहेबांनी तिथेच बसून ताईच्या भावासाठी अर्ज लिहायला घेतला.

दुसऱ्याच दिवशी ताईचा भाऊ न्यायाधीशापुढे उभा राहिला आणि संध्याकाळी सुटला. त्याच्यावर कसला आरोपच नव्हता.

आता नव्या प्रती आल्या आहेत आणि मला रद्दीत काढायचे ठरले आहे. जाण्याआधी एवढेच मागणे आहे, मित्रांनो. मला जपायचे म्हणजे नुसती धूळ झटकायची नाही. "घटनेत असंच आहे," असे कुणी म्हणाले तर पान स्वतः हातात घ्या. पट्टी उचलून खालचे वाचा. शेवटच्या ओळीला कात्री तर लागलेली नाही ना, तेही बघा.

परवा ताई उरलेले कागद न्यायला आली होती. वकीलसाहेबांनी मान खाली घालूनच भावाची चौकशी केली.

"बरा आहे," ती म्हणाली. "कामावर जातो. पण घरातून निघताना रोज दारात थांबतो आणि मला विचारतो, 'ताई, जाऊ का?'"