उजवीकडचे बाक

सुतार आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच चर्चमध्ये जात. फक्त गेली सात वर्षं सुतार डावीकडच्या बाकांवर बसे आणि धाकटा उजवीकडच्या. पाळकसाहेब म्हणायचे, "एकमेकांना शांती द्या," की दोघं आपापल्या शेजाऱ्यांचे हात अशा प्रेमानं हलवायचे, बघणाऱ्याला वाटावं, काय ही देवमाणसं! रविवार येत गेले, जात गेले. पीळ होता तिथंच होता.

आई गेली तेव्हा तिची शवपेटी सुतारानंच केली. धाकटा परगावी होता. त्याची गाडी चुकली आणि तो दोन तास उशिरा पोचला. तोवर झाकण लागलं होतं.

"एकदा तोंड बघू दे, दादा."

"लावलेलं झाकण मी उघडत नसतो," सुतार म्हणाला. आईचं आजारपण एकट्यानं काढलं होतं, त्याचा राग होता तो. पण तोंडातून गेलेला शब्द कुणाच्या बापाला परत घेता येतो?

या आठवड्यात चर्चच्या बाकांना पॉलिश करायचं ठरलं आणि काम सुताराकडेच आलं. आपली जागा हलू नये म्हणून सुतारानं हुशारी केली आणि उजवीकडचे बाक आधी कारखान्यात नेले. तिकडची माणसं बसणार कुठं, हे काही त्या हुशार डोक्यात आलं नाही. रविवारी सगळी मंडळी डावीकडे दाटीवाटीनं बसली, आणि धाकटा आला तेव्हा एकच जागा उरली होती. सुताराच्या शेजारी.

उपदेश कशावर झाला, ते सुताराला विचारू नका. त्याचं सगळं लक्ष शेजारच्या गुडघ्याकडे.

"एकमेकांना शांती द्या," पाळकसाहेब म्हणाले.

सुताराच्या दुसऱ्या बाजूला भिंत होती. चूक आपली, हे त्याला सात वर्षं ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यानंच तो आतून पोखरला होता. त्यानं हात पुढं केला. 'शांती असो' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "झाकण उघडायला हवं होतं रे मी."

धाकट्यानं हात धरला. मग हळूच विचारलं, "केस विंचरले होते तिचे?"

"हो. मीच विंचरले." सुतार म्हणाला. "भांग तेवढा वाकडा पडला."

"एवढा मोठा सुतार," धाकटा म्हणाला, "आणि एक रेघ सरळ मारता आली नाही तुला?"

धरलेला हात मात्र त्यानं सोडला नाही.