अकरा भोकांचं कपाट

मित्रांनो, मला बघून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. माझं पोट पुढे आलेलं आहे, एक पाय ठेंगणा म्हणून त्याखाली लाकडाची चकती सरकवलेली आहे, आणि खालच्या दाराला ओळीनं अकरा भोकं आहेत. मी एका रुग्णालयातलं जुनं लाकडी कपाट आहे. चाळीस वर्षं मी चादरी सांभाळल्या. त्यांतलं एक वर्ष चादरींबरोबर एक गुपितही सांभाळलं. त्या अकरा भोकांची गोष्ट तीच माझी गोष्ट, म्हणून जरा दमानं ऐका.

पोटाचं म्हणाल तर ती सुताराची करणी. तो एकाच वेळी दोन कपाटं करत होता, एक चादरींचं आणि एक गाद्यांचं. जोडताना त्याची गल्लत झाली आणि गाद्यांच्या कपाटाचा खालचा भाग त्यानं माझ्या कमरेला लावून टाकला. सुतार म्हणाला, "झालं ते झालं, जागा जास्तच मिळाली की!" वॉर्डातल्या लोकांनी मात्र माझं नाव ढेरपोट्या ठेवलं. मला फार वाईट वाटायचं. मी मनाशी म्हणायचो, सुबक ठेंगणं नाही तर नाही, निदान सरळ तरी करायचं होतं.

मला कपड्यांच्या खोलीत उभं केलं. तिथे एक लांब इस्त्रीचं टेबल होतं, धुऊन आलेल्या चादरींच्या टोपल्या होत्या आणि दिवसभर साबणाचा आणि तापलेल्या कापडाचा वास असायचा. ही खोली एकच बाई सांभाळायच्या. त्यांना सगळे घडीबाई म्हणत. चादरीची बंद कड बाहेर आणि रुग्णालयाचा शिक्का वर, हा त्यांचा नियम. कड उलटी ठेवली की नर्स एक चादर ओढते आणि चार जमिनीवर येतात. घडीबाईंच्या हातून तशी चूक कधी झाली नाही. त्या नाकासमोर चालणाऱ्या होत्या, आणि भित्र्याही. कॉरिडॉरमध्ये मेट्रनबाईंच्या चपलांचा आवाज आला की त्यांच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबायची.

मग एक दिवस त्यांचा भाऊ आणि वहिनी अपघातात गेले. मागे तीन वर्षांची मुलगी राहिली. तिला घडीबाईंनी आपल्या घरी आणलं. आत्याच्या एप्रनची गुंडी पिरगाळत बसायची तिला सवय होती, म्हणून तिचं नाव गुंडी पडलं. मुलांची काळजी घेणारं एक सरकारी कार्यालय होतं. त्यांनी सांगितलं, "सध्या मुलगी तुमच्याकडे राहू दे. आम्ही तीन वर्षं बघू. सगळं ठीक असेल तर कायमचा कागद देऊ, नाहीतर ती बालगृहात जाईल." बालगृह दुसऱ्या गावात होतं. त्या दिवसापासून घडीबाईंच्या जिवाला एकच घोर लागला. कागद मिळेपर्यंत कुठे काही चुकायला नको.

दोन वर्षं बरी गेली. सकाळी गुंडी शाळेत जायची आणि दुपारी शेजारच्या आजी तिला सांभाळायच्या. तिसऱ्या वर्षी आजी मुलाकडे राहायला गेल्या. घडीबाईंनी चार दारं ठोठावली, पण दुपारची सोय कुठेच होईना. कार्यालयाच्या फॉर्मवर मात्र 'दुपारी मुलगी कुठे असते' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'शेजारी.' आणि दुसऱ्या दिवशी गुंडीला मागच्या जिन्यानं कपड्यांच्या खोलीत आणलं. कामाच्या जागी मूल आणायचं नाही, असा रुग्णालयाचा कडक नियम होता. नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली की गुंडीही गेली असती.

त्या दिवशी माझं पोट कामाला आलं. खालच्या कप्प्यात उशी, पाटी आणि पाण्याचा पेला ठेवून घडीबाई म्हणाल्या, "गुंडे, एरवी इथं टेबलाखाली खेळ. चपलांचा आवाज आला की या घरात शिरायचं. मग अळीमिळी गुपचिळी."

"आणि शिंक आली तर?"

"चादरीत शिंकायचं."

असे महिने गेले. गुंडी माझ्या पोटात बसून कान लावायची आणि तिच्या छातीची धडधड माझ्या फळीला कळायची. इतकी वर्षं ज्या ढेरीची मला लाज वाटत होती, तिच्यात एक लेकरू पाय दुमडून सुखानं मावत होतं. मला त्या सुताराला शोधून काढून त्याचे आभार मानावेसे वाटले.

घडीबाई मात्र झुरत चालल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या खिशातलं लहानसं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढून वाचायच्या. एकदा वाचता वाचता म्हणाल्या, "आपण ही लपवाछपवी करतोय, देवाला कसं आवडायचं? आणि या पुस्तकात मोठमोठ्या आया आहेत, सासवा आहेत, राण्या आहेत. आमच्यासारख्या आत्याबित्या कुणाच्या खिजगणतीत नाहीत." त्या रोज थोडं थोडं वाचायच्या. शेवटी राजांच्या लांबलचक यादीत त्यांना दोन ओळी सापडल्या. त्या टेबलापासून उठल्या आणि माझं खालचं दार उघडून तिथेच जमिनीवर बसल्या.

"गुंडे, सापडली! आत्या सापडली!"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. एका राज्यात राजा मेला. त्याच्या आईनंच गादी बळकावली आणि राजघराण्यातली मुलं एकेक करून मारायला लावली. सख्खी आजी, पण दया नाही. राजाला एक बहीण होती. तिनं आपल्या तान्ह्या भाच्याला दाईसकट उचललं आणि अंथरुणं ठेवायच्या खोलीत लपवलं. मग देवाच्या मंदिरात सहा वर्षं त्याला वाढवलं. सातव्या वर्षी त्याला सगळ्यांसमोर बाहेर आणलं, डोक्यावर मुकुट घातला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अंथरुणांच्या खोलीत? म्हणजे आपल्यासारखं?"

"अगदी आपल्यासारखं."

"मुकुट घालताना आत्या कुठं होती?"

घडीबाईंनी पान पुन्हा वाचलं. "ते लिहिलेलं नाही. असेल कुठंतरी मागं, घड्या घालत."

"तिला कुणी बोलावलं नाही?"

"ते पण लिहिलेलं नाही गं."

गुंडीला हे मुळीच पटलं नाही. ती दिवसभर गाल फुगवून बसली. त्या बाईचं नाव लांबलचक होतं आणि दोघींच्याही जिभेवर बसेना, म्हणून त्या तिला अंथरुणवाली आत्या म्हणू लागल्या. घडीबाई चादर झटकताना तिच्याशी बोलायच्यासुद्धा, "काय हो, तुम्हाला सहा वर्षं झोप तरी कशी लागली?" त्यांचा चेहरा थोडा उजळला. कुणीतरी त्यांच्या आधी या वाटेनं गेलं होतं आणि देवानं तिला टाकलं नव्हतं, एवढंही त्यांना पुरलं.

याच सुमारास माझ्यावर संकट आलं. मेट्रनबाई एका सकाळी दुसऱ्याच एका सुताराला घेऊन आल्या. गुंडी शाळेत होती. त्यांनी माझ्या खालच्या दारावर बोट ठेवलं. "हे कपाट ओल धरतं. गिरमिटानं भोकं पाडा इथं. आणि ही कडीपण काढून टाका." सुतारानं अकरा वेळा गिरमिट फिरवलं. मित्रांनो, मला एवढा राग आला होता! माझ्यात ओलीचा थेंब नव्हता. मेट्रनबाईंना माझं रूप बघवत नाही, म्हणून ही खोडी काढली असं मी धरून चाललो. गुंडीला मात्र भोकं फार आवडली. ती त्यांतून एक डोळा लावून खोली बघायची.

आणि मग तो दिवस आला. कार्यालयातल्या बाई शेवटच्या तपासणीला दुपारी घडीबाईंच्या घरी गेल्या. घराला कुलूप आणि शेजारच्या आजींच्या दारालाही कुलूप. त्या तडक रुग्णालयात आल्या. मेट्रनबाई त्यांना घेऊन खोलीत शिरल्या. चपलांचा आवाज येताच गुंडी माझ्या पोटात शिरली होती.

"तुमच्या शेजारी कुणीच राहत नाही," कार्यालयातल्या बाई फाईल उघडून म्हणाल्या. "मुलगी कुठे आहे?"

घडीबाईंची पाचावर धारण बसली. एक साधं उत्तर तयार होतं. 'मैत्रिणीकडे गेलीय' म्हटलं असतं तर वेळ निभावून नेता आली असती. मेट्रनबाई समोर, नोकरी त्यांच्या हातात. कार्यालयातल्या बाई शेजारी, गुंडी त्यांच्या हातात. मी सगळ्या फळ्या आवळून उभा होतो. घडीबाईंनी एकदा टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग इस्त्री बाजूला ठेवली, माझ्यापाशी आल्या आणि खालचं दार आपल्या हातानं उघडलं.

"ये बाळा, बाहेर ये. आता लपायचं नाही."

गुंडी डोक्यावर उशीचा अभ्रा ओढून बसली होती. तशीच बाहेर आली.

"फॉर्मवर मी खोटं लिहिलं," घडीबाई म्हणाल्या. "सोय नव्हती. रोज इथं आणते. नियम मोडलाय, त्याची शिक्षा मला करा. तिला माझ्यापासून नेऊ नका. तिला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मलाही."

कार्यालयातल्या बाई खाली वाकल्या. उशी, पाटी, पेला सगळं पाहिलं. एका भोकात बोट घालून म्हणाल्या, "ही भोकं कसली?"

"हवेची," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी पाडून घेतली."

घडीबाई बघतच राहिल्या. मीही.

"तीन नंबरच्या वॉर्डात एक चादर आली होती," मेट्रनबाई त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगू लागल्या. "कड उलटी, शिक्का आत, आणि घडीत बिस्किटाचा चुरा. घडीबाई झोपेतसुद्धा अशी घडी घालणार नाहीत. तेव्हाच कळलं, या खोलीत आणखी दोन हात आहेत, लहान."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" घडीबाईंनी विचारलं.

"बोलले असते तर नियमानं तुम्हाला काढावं लागलं असतं. म्हणून येताना चपला जरा जास्तच आपटत होते. पण मूल कपाटात वाढवायचं नसतं हो. तुम्ही कधी दार उघडता याची वाट बघत होते."

मित्रांनो, जिच्या चपलांना आम्ही एवढं घाबरलो, ती चपला आपटून आम्हाला सावध करत होती! माझा जीव भांड्यात पडला. कपाटाकडे कुठलं भांडं, चादरींच्या ढिगात पडला म्हणा हवं तर.

कार्यालयातल्या बाईंनी पेन काढलं. "खोटं लिहिलंत, ते मला नोंदवावं लागेल."

"नोंदवा."

"आणि हेही नोंदवते, की लपवता येत असताना तुम्ही दार उघडलंत. पण मुलगी उद्यापासून कपाटात बसणार नाही."

"शेजारची खोली मोडक्या खाटांनी भरलीय," मेट्रनबाई लगेच म्हणाल्या. "इथल्या बायकांच्या मुलांसाठी ती द्या, असा माझा अर्ज दोन वर्षं वरिष्ठांकडे धूळ खात पडलाय. तुमच्या कार्यालयाचं एक पत्र आलं तर तो हलेल. तोवर ही माझ्या टेबलापाशी बसेल. जबाबदारी माझी." कार्यालयातल्या बाईंनी ते पत्र तिथेच इस्त्रीच्या टेबलावर लिहायला घेतलं. गुंडीनं त्यांच्यासाठी चादर सरकवून जागा केली.

तीन आठवड्यांनी कायमचा कागद आला. घडीबाईंनी तो तीनदा वाचला, दोन चादरींच्या मधे ठेवून माझ्या वरच्या कप्प्यात जपून ठेवला, आणि मग माझ्या दाराला टेकून रडल्या आणि हसल्याही. किती दिवसांचं ओझं उतरलं होतं!

मुलांची खोली उघडायच्या दिवशी गुंडीला सातवं लागलं होतं. मोठे डॉक्टर आले, फीत कापली, टाळ्या वाजल्या. घडीबाई नेहमीप्रमाणे माझ्यापाशी चादरी लावत होत्या. इतक्यात गुंडी पळत आली आणि त्यांचं एप्रन ओढू लागली.

"अगं, माझं काय काम तिथं?"

"त्या आत्याला कुणी बोलावलं नव्हतं," गुंडी म्हणाली. "मी बोलवायला आलेय. चल." आणि तिनं आत्याला हाताला धरून अगदी पुढच्या रांगेत नेलं. मला जागचं हलता येत नाही, पण भिंतीपलीकडच्या टाळ्या मला ऐकू आल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

पुढे लोखंडी कपाटं आली. कानामागून आली आणि तिखट झाली. मला व्हरांड्यात काढलं, माझ्यावर मोडक्या बादल्या आणि जुन्या फाईली रचल्या. आठ वर्षं कुणी माझं दार उघडलं नाही. मग एक दिवस गुंडी, आता चांगली उंच झालेली, निवृत्त घडीबाईंना घेऊन आली आणि मला पुसून त्याच मुलांच्या खोलीत उभं केलं. आता माझ्यात ठोकळे, चित्रांची पुस्तकं आणि लपाछपी खेळणारी मुलं असतात. परवा पॉलिशवाला म्हणाला, "ही भोकं लांबी भरून बुजवून टाकू का? कळणारही नाही."

"कळायला हवं," गुंडी म्हणाली. "राहू द्या ती."

म्हणून ती तशीच आहेत. मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकण्याआधी एकदा आतून पुसून बघा. आणि एखाद्या गोष्टीत मुकुट चढला, टाळ्या वाजल्या, की तिथेच पुस्तक मिटू नका. आत्या कुठे आहे ते विचारा, आणि तिला पुढे घेऊन या.