बोलणाऱ्या बाळावर पहारा

बोरी अरबच्या बाजारातून आणलेल्या सीडीवरचा कार्टून सिनेमा पाहून अख्खी आळी हसली. एकटी निकिता हसली नाही. सिनेमात घरी बाळ येतं, आईबाप बाहेर गेले की मोठ्या माणसासारखं बोलतं, आणि थोरल्या भावाचं अंथरूण ओसरीवर येतं. सहा वर्षांच्या निकिताला भाऊ होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि तिचं अंथरूण कालच ओसरीवर आलं होतं.

खरं कारण कापूस. त्या साली भाव पडला. तिच्या आजोबांनी, पुंडलिकरावांनी, 'चढू दे थोडा' म्हणून माल विकला नाही. भाव काही चढला नाही. कापूस मात्र माजघरात छतापर्यंत चढला. कोपऱ्यात बाळंतिणीची खाट आणि पाळणा तेवढा उरला. पण कापूस बोलत नसतो. त्याच्यावर संशय कोण घेणार?

निकितानं पाळण्याशी पहारा बसवला. आई न्हाणीत गेली की ती वाकून म्हणायची, "बोल. आता कोणी नाई." बाळ उचकी द्यायचं. पक्का नट!

शेवटी तिनं आजोबांना गाठलं. "आबाजी, याले वापस देऊन टाका ना."

"कोणाले?"

"कोणालेबी."

"बरं. बारशाले बाया येतीन. पाहू कोणी नेते काय," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना वाटलं, आपण गंमत केली.

बारशाला मुकुटबनहून हंसाआत्या आली. रीतीप्रमाणे बाया पाळण्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या आणि बाळ पाळण्याखालून पलीकडे देत म्हणू लागल्या, "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या..."

निकिताच्या मुठीतल्या घुगऱ्या सांडल्या. खरंच देऊन राह्यले! आणि आत्यानं घेतलंसुद्धा! तिची पिशवी तर दाराशीच होती.

"आत्या, नाई! तो आमचा हाय!" निकिता पाळण्याखाली घुसली आणि मांडी घालून बसली. "मी उगाच म्हटलं होतं. द्या इकडं!"

बाया हसून लोटपोट.

"कायले रडतं वं? रीत हाय ते," आजी लीलाबाई म्हणाल्या.

निकितानं पसरलेले हात मागे घेतले नाहीत. अखेर आत्यानं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि खालून स्वतःचा हात तसाच राहू दिला. ती वाकली, तसं बाळ तिच्या कानाशी कुरकुरलं.

तिचा पहारा पुंडलिकरावांनी पाहिला होता. ते वाकले. "बोललं काय वं?"

निकितानं डोळे पुसले. "हो."

"काय म्हणते?"

"म्हणते, कापसानं अंग खाजवते. मीबी ओसरीवर झोपतो. ताईजवळ."