एका पंगतीला

“आता मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या,” सगुणाबाई म्हणाली आणि पदरात तोंड लपवून हसली.

गुरुद्वाऱ्याच्या दारात रंगनाथ डोक्याला केशरी रुमाल बांधत होता. येवल्याच्या कांदा मार्केटात उभा जन्म मापाडी म्हणून काढलेला माणूस. गोणीला हात लावला की वजन सांगायचा. पण बायको वाळत चालली आहे, हे त्याला शेजारणीने सांगावं लागलं. सकाळी नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, “यांना जेवण जातं का?” तर हा ठासून म्हणाला, “जातं की. रोज जेवती.” डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या आणि दुपारी परत बोलावलं. तोवर जायचं कुठं? ‘लंगरात फुकट जेवण मिळतं’ म्हणत रिक्षावाल्याने इथं आणून सोडलं.

आत गार फरशी होती. पेटी-तबल्यावर कीर्तन चाललं होतं. शब्द कळत नव्हते, पण सूर घरचा वाटत होता. ग्रंथसाहेबांपुढे माथा टेकून सगुणाबाई भिंतीशी बसली आणि डोळे मिटून हळूहळू डोलू लागली. सकाळपासून रंगनाथच्या छातीत बसलेली धास्तीही जरा सैल झाली. इथून उठूच नये, असं त्याला वाटलं.

लंगरात मात्र जन्माची सवय आडवी आली. तो सरळ पंगतीत जाऊन बसला आणि ती दाराशी उभी राहिली. ताटं वाटणारे सरदारजी थबकले.

“बैठिए ना, माताजी.”

“त्यांचं होऊ द्या आधी. मी मागून बसती.”

सरदारजी नाशिकातच वाढलेले असावेत. चक्क मराठीत म्हणाले, “इथं आधी-मागून नसतं, मावशी. सगळे एका पंगतीला.” आणि त्यांनी रंगनाथशेजारची जागा दाखवली.

ती अवघडून टेकली. “लोक काय म्हणतील?”

“इथं कोण वळखतंय आपल्याला,” रंगनाथ पुटपुटला. त्याचे कान मात्र तापले होते.

नातवंडं शाळेत जाऊ लागली, पण बायकोला जेवताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. ती रोटीचा नखाएवढा तुकडा डाळीत भिजवायची, तोंडात घोळवायची, मग मान खाली घालून कशीबशी गिळायची. वर पाण्याचा घोट. गिळताना दर वेळी तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

“असं कवापासून व्हतंय?”

“दिवाळीपासनं.”

“मग बोलली का नाय?”

“तुमी जेवून उठल्यावर मी बसती. दिसायचं कोणाला? आन् तुमच्या जिवाला घोर कशाला लावू?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. स्वतःची लाज वाटली आणि तिची फार फार माया आली. त्याने आपली रोटी तिच्या ताटातल्या डाळीत बारीक कुस्करली. बाप्या माणसाने, चारचौघांत.

“डॉक्टरला आता मी सांगतो नीट,” तो म्हणाला. “सावकाश खा.”

पंगत उठली. सरदारजी फरशी पुसायला बादली घेऊन आले, तशी सगुणाबाई अर्धं ताट टाकून उठू लागली. रंगनाथने तिचं मनगट धरलं.

“दादा, जरा थांबा,” तो म्हणाला. “आमची पंगत अजून जेवतीय.”