निळं कापड

एवुरामा म्हणजे देशातर्फे परदेशात धावलेली पहिली बाई. एल्मिना गावच्या बंदरावरचं शेंबडं पोरही ते सांगेल. पण तिच्या आईनं, मासे धुरी देऊन विकणाऱ्या मामे अराबानं, तिला एकदाही धावताना पाहिलं नव्हतं. मांड्या उघड्या टाकून चारचौघांत पळायचं आणि आपण ते बघायचं? शोभतं का, म्हणायची!

पहिलं पदक घेऊन एवुरामा गावात आली, तेव्हा बाजारातल्या झाडून साऱ्या बायकांनी खांद्यावरची कापडं काढून तिच्या वाटेवर अंथरली. राजाला घालतात तशा पायघड्या! आईचं निळं कापड मात्र जमिनीला लागलं नाही. गर्दीत घुसून तिनं ते लेकीच्या कमरेला गुंडाळलं आणि गच्च गाठ मारली. "आधी पाय झाक, मग मिरव." पुढं दर वेळी तेच. लेक परतली की आई कापड घेऊन हजर.

आता एवुरामाचे गुडघे कुरकुरत होते. शेवटची शर्यत जवळच, केप कोस्टच्या मैदानावर होती. आदल्या दिवशी ती आईच्या धुरकट चुलीपाशी जाऊन बसली.

"आई, उद्या तेवढी ये. परत नाही बोलवायची."

"आणि हे मासे कोण उलटवणार? तुझा बाप?"

"ये ना गं."

किती मैदानं, किती लोक एवुरामाच्या नावानं ओरडले! पण तिला हवी होती ती हीच एक नजर. मामे अराबानं मासे उलटवले. हो काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी एवुरामा धावली आणि सगळ्यात शेवटी आली. कालच्या पोरी वाऱ्यासारख्या पुढं निघून गेल्या. ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत असतानाच ओळखीचा आवाज आला.

"बाजूला हो रे मेल्या, माझी पोर आहे ती!"

पंचाला ढकलून आई थेट मैदानात! अंगाला माशांचा वास, हातात निळं कापड. जन्मात एकदा आली, ती नेमकं हे बघायला! एवुरामाला रडूच कोसळलं. तरी लहानपणीसारखे तिनं हात वर केले आणि म्हणाली, "झाक बाई."

आईनं वाकून तिच्या सुजलेल्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

"या पायांनी एवढं केलंस, आणि मी आपली झाकतच बसले गं."

मग तिनं ते कापड तांबड्या मातीवर अंथरलं.

"चल."

"आई, मी शेवटची आलेय."

"दिसलं मला. डोळे फुटले नाहीत माझे. पाय ठेव."

एवुरामानं पाय ठेवला. कापड ते केवढं! चार पावलांत संपलं. आईनं मागून ते उचललं, झटकलं आणि पुन्हा तिच्या पुढं अंथरलं. अशा दोघी मैदानाच्या फाटकापर्यंत गेल्या.