कप्तानाचं अर्धं डोकं

निवांत हे तिचं खरं नाव नव्हे. पण मैत्रिणींनी ते इतकी वर्षं चालवलं होतं की आता तिची सासूसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायची. ती पार्लर चालवायची. हातात कात्री आणि समोर डोकं आलं की तिला घड्याळ दिसेनासं व्हायचं. तिने गाड्या चुकवल्या, नाटकांचे पहिले अंक चुकवले, आणि जिवलग मैत्रिणीच्या, म्हणजे गणिताच्या बाईच्या, शाळेतल्या निरोपसमारंभाला ती पोचली तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते.

तेव्हापासून बाकीच्या तिघींनी, म्हणजे ही बाई, डॉक्टरीण आणि वकीलबाई यांनी, एक युक्ती काढली. निवांतला सांगायची वेळ नेहमी तासभर अलीकडची. खरी वेळ तिघींनी आपसात ठेवायची. निवांतला हे कधीच कळून चुकलं होतं, पण ती बोलली नाही. तो तास जमेला धरूनच ती घरून निघायची. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या खेपेला मात्र गोष्ट वेगळी होती. गणिताची बाई ही सहल आटोपली की मुलाकडे कायमची राहायला जाणार होती, तेही दोनदा विमान बदलावं लागेल इतक्या लांब. चौघींनी मिळून आठवडाभर शिडाच्या बोटीने बेटं फिरायची, असं तिचंच कित्येक वर्षांचं वेड. निवांतने मनाशी खूणगाठ बांधली होती, की काहीही होवो, या वेळी माझ्यापायी खोळंबा होणार नाही.

निघायच्या दिवशी सकाळी, लॉजच्या व्हरांड्यात चहा घेताना डॉक्टरीण म्हणाली, "सामान बोटीवर गेलंय. सगळ्यांचे फोनही भिजू नयेत म्हणून डब्यात बंद करून तिकडेच दिलेत. आता हवं तेवढं गाव बघा, पण बाराला धक्क्यावर या."

बोटीचं सगळं डॉक्टरिणीनेच ठरवलं होतं. वकीलबाईने बाईकडे बघून डोळा मारला. निवांतने ते बघितलं आणि गुपचूप चहा संपवला.

गाव होतंही मोठं गोड. चढउताराच्या गल्ल्या, भिंतींवरून ओसंडणारी बोगनवेल, दुकानांच्या दारात लटकवलेले दोर आणि गवती टोप्या. वकीलबाई टोपीवाल्याशी अशी हुज्जत घालत होती की बिचाऱ्याला वाटावं, आपण आरोपीच आहोत. बाई एकेक टोपी डोक्यावर चढवून "ही कशी दिसते गं?" विचारत होती. डॉक्टरीण नारळपाणी शोधायला गेली. निवांत एकटीच हळूच सटकली.

वाटेत, आता नशीब बघा, नेमकं केस कापायचं दुकान लागलं. दार उघडं, आत तीन बायका गप्पांत रंगलेल्या, आणि खुर्चीतल्या मुलीच्या कपाळावरच्या बटा वाकड्या कापल्या जात होत्या. निवांतच्या हाताला मुंग्या आल्या. दोन पावलं आत पडलीसुद्धा. मग तिने स्वतःला चांगलं खडसावलं, पाठ फिरवली आणि जी सुटली ती थेट धक्क्यावर.

बाराला अजून अवकाश होता. आयुष्यात पहिल्यांदा ती सगळ्यांच्या आधी पोचली होती, आणि बघायला काळं कुत्रंही नव्हतं. बोटीवर तेवढा कप्तान होता, उन्हाने केस गवतासारखे झालेला, अबोल.

बारा वाजून गेले. कप्तान धक्क्याच्या दगडांकडे बघायला लागला. "ताई, पाणी उतरतंय. अजून थोडं खाली गेलं की बोट चिखलात बसली म्हणून समजा. आणि उद्यापासून या किनाऱ्याला वादळाचा इशारा आहे, बेटांकडे नाही. आत्ता निघालो नाही, तर सहल विसरा."

"येतीलच हो," निवांत म्हणाली. गडबडीत तिने कप्तानाचा फोन मागून वकीलबाईचा नंबर लावला. बोटीवरच्या डब्यात घंटी वाजली. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बारा ही खरी वेळ होती, पण ती निवांतसमोर सांगितली गेली होती. वकीलबाई आणि बाईने ती थापच समजून तास वाढवून घेतला असणार. आणि डॉक्टरीण गल्ल्यांतून त्यांना शोधत फिरत असणार.

शोधायला जावं तर कप्तान बोट परत नेईल. तो दोर गुंडाळायला लागलाच होता. 

"तुमचे केस डोळ्यांत जातात," ती एकदम म्हणाली. "वाऱ्यात बोट कशी चालवता? बसा, जरा आवरून देते."

का कोण जाणे, कप्तान बसला. निवांतने सामानातून कात्री काढली आणि डावी बाजू अशी सुरेख कापली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. मग ती थांबली. कप्तानाने आरसा बघितला. डावीकडे राजबिंडा जावई, उजवीकडे झाडू.

"हे काय?"

"उरलेलं त्या आल्यावर," निवांत शांतपणे म्हणाली.  "अशा डोक्याने दुसऱ्या बोटवाल्यांसमोर जायचं असेल, तर खुशाल जा."

कप्तानाने तिच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "दहा मिनिटं. त्यावर एकही नाही."

ती मिनिटं निवांतने कशी काढली, तिचं तिला ठाऊक. इतक्या वर्षांत तिघींनी किती वेळा अशी वाट बघितली असेल, हे तिला पहिल्यांदाच कळलं, आणि मनातून फार लाज वाटली.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी तिघी दिसल्या. डॉक्टरीण दोघींना दंडाला धरून फरपटत आणत होती. बाईच्या डोक्यावर दोन टोप्या, एकीवर एक. "अगं, पळतेस कशाला," बाई म्हणत होती, "निवांत थोडीच आली असेल."

मग तिला बोटीवर उभी असलेली निवांत दिसली. बाईने दोन्ही टोप्या सावरल्या आणि तीच पळत सुटली. तिघी धडपडत बोटीवर चढल्या. खालचा चिखल घासत घासत बोट कशीबशी खोल पाण्यात आली, तेव्हा डॉक्टरिणीने सुटकेचा श्वास सोडला.

कप्तानाचं उरलेलं डोकं निवांतने समुद्रातच पुरं केलं. तो उठल्यावर बाई टोप्या काढून त्याच्या जागेवर बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तू असशील असं मनातसुद्धा आलं नाही."

"आत्तापर्यंत कधी होते मी?"

 बाईने पिकलेली वेणी सोडली. "माझेही काप. तिकडे कोण कापणार आहे माझे केस."

निवांतने केस हातात घेतले. वकीलबाईने विचारलं, किती वेळ लागेल. निवांत म्हणाली, "पुष्कळ," आणि एकेक बट विंचरायला लागली.