इंडियात काय म्हणतात

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक वाईट खोड लागते. आपलं बोलणं इथे कुणाला कळत नाही हे एकदा लक्षात आलं की त्याची जीभ सैल सुटते. ट्रेनमध्ये शेजारी डुलक्या काढणाऱ्याच्या टायपासून समोरच्या बाईच्या बुटांपर्यंत सगळ्यावर तो खुशाल मत देतो, आणि चेहरा असा ठेवतो की बघणाऱ्याला वाटावं, बिचारा घरच्या आजारपणाबद्दल बोलतोय. हेमचंद्र आणि सुचेताला जपानमधल्या कावासाकीत येऊन सहा वर्षं झाली होती आणि ही खोड दोघांनाही लागली होती. हेमचंद्रला जरा जास्तच, कारण तो लिहायचासुद्धा.

दिवसभर तो एका संशोधन संस्थेत बॅटरीवर काम करायचा. पण त्याचा जीव अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये होता. तिकडचे रात्रीचे सामने इकडे सकाळी लागतात. त्यामुळे पोहे खाताना एक डाव, ट्रेनमध्ये दुसरा, असं करत संस्थेच्या दारापर्यंत त्याचा सामना चालायचा. संध्याकाळी तो त्यावर फेसबुकवरच्या आपल्या पानावर मराठीत लिहायचा. कुणाला कितीला विकलं, कुणाचा खांदा निखळला, कोणत्या प्रशिक्षकाला नारळ मिळाला, सगळं पुण्याच्या कट्ट्यावर बसल्यासारखं. वाचणारे चार-पाचशे असतील. बहुतेक त्याचे कॉलेजातले क्रिकेटवाले मित्र. हेमचंद्र कॉलेजच्या संघात जलदगती गोलंदाज होता. त्यामुळे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरवर त्याचा विशेष डोळा असायचा, आणि त्यातही ताकुया हिराओका या पिचरवर.

त्याला कारण होतं. ताकुयाच्या आईचं स्टेशनजवळ डबे विकायचं दुकान होतं, आणि सुचेता तिथे आठवड्यातून चार दिवस आरुबाइतो करायची. म्हणजे अर्धवेळ काम. भात भरणं, कोबी चिरणं, गिऱ्हाइकापुढे वाकून आभार मानणं. पुण्यात ती शाळेत विज्ञान शिकवायची. इथे आल्यावर दोन वर्षं घरात बसून तिचं डोकं फिरायची वेळ आली होती. ताकुयाच्या आईने, म्हणजे हिराओका-सानने, तिला मोडक्या जपानीसकट कामावर घेतलं, आणि ती मोडकी भाषा तिथेच, कढईशेजारी उभी राहून नीट झाली. साठी ओलांडलेली ही बाई फार बोलायची नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भात शिजवायच्या यंत्रामागे मुलाचा अमेरिकेतल्या गणवेशातला फोटो होता, आणि त्यावर वाफेने चिकट थर साचू नये म्हणून ती तो रोज पुसायची.

ताकुया हा काही मोठा खेळाडू नव्हता. संघात कधी आत, कधी बाहेर, मधूनच खालच्या लीगमध्ये रवानगी. इथल्या वर्तमानपत्रांत मोठ्यांचे फोटो यायचे आणि ताकुयाच्या वाट्याला निकालाखालची अर्धी ओळ. त्याच्याबद्दल कुणीतरी चार वाक्यं लिहावीत, याला त्याची आई भुकेली होती. हे सुचेताला दिसत होतं. म्हणूनच एप्रिलमध्ये हेमचंद्रच्या लेखात ताकुयाचा फोटो दिसल्यावर तिने कौतुकाने फोन पुढे केला आणि सांगितलं, माझा नवरा तुमच्या मुलावर लिहितो, इंडियात लोक वाचतात.

लेख वाचून मग दाखवावा एवढी अक्कल तिला त्या दिवशी सुचली नाही.

हिराओका-सानने हात पुसले, चष्मा लावला, त्या अक्षरांकडे मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, काय म्हणतात? सुचेताने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला ती अडखळली. हेमचंद्रने लिहिलं होतं, ‘हिराओका म्हणजे मोफत फुलटॉस वाटप केंद्र. वेळ सकाळी साडेआठ, येताना आपली बॅट आणावी.’

“ते लिहितात,” सुचेता म्हणाली, “की हिराओका कुणाला घाबरत नाही. समोरच्याला सरळ टाकतो.”

म्हातारीच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून सुचेता पुढची ओळ आणखी गोड करून मोकळी झाली. त्या दिवशी तिच्या डब्यात तळलेल्या चिकनचे तुकडे जास्तीचे आले. रात्री तिने हे सगळं हेमचंद्रला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, बरंय, माझे लेख तुझ्या हाताखाली सुधारतायत. आणि चिकन खाल्लं. तिने त्याला जरा सांभाळून लिही म्हणून सांगून पाहिलं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. मराठीत लिहिलंय, त्या बाईंना काय कळणार?

मग ते आठवड्याचंच झालं. हिराओका-सान दुपारची गर्दी ओसरली की चहा ओतायची आणि विचारायची, “इंडियात काय म्हणतात?” सुचेता फोन उघडायची, मराठी ओळीवरून डोळे फिरवायची आणि जपानीत भलतंच बोलायची. ‘याला पाहून प्रेक्षकांनी हेल्मेट घालावीत’ याचं ‘हा आला की प्रेक्षक सावध होऊन बसतात’ व्हायचं. सुरुवातीला तिला यात थोडी मजाही वाटली, हे कबूल करायला हवं. कुणाचं नुकसान होत नव्हतं आणि एका एकट्या बाईचा दिवस बरा जात होता. रोज थोडं खोटं बोलायची सवय अशीच लागते, आपण पुण्य करतोय असं वाटत.

जुलैच्या मध्यावर हिराओका-सानने दुपारी चहा ओतला, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. ती म्हणाली, इथल्या एका संघाने ताकुयाला बोलावलंय. पैसे कमी आहेत, पण जागा पक्की आहे. महिनाअखेरपर्यंत हो म्हणायला हवं, नंतर या वर्षी इथे नाव नोंदवता येत नाही. तो एकतिसाचा झाला. अमेरिका सोडावी की थांबावं हे त्याला कळत नाहीये आणि आईला बेसबॉलमधलं काय कळतं? “तुमच्या यजमानांना विचाराल का?” ती म्हणाली. “ते इतके दिवस बघतायत त्याला.”

सुचेताने विचारलं. आणि या एका वेळी हेमचंद्र हसला नाही. त्याने हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, “परत यावं. लगेच. तिकडे महिन्याभरात काढतील त्याला. इथे अजून दोन-तीन वर्षं खेळेल. सांग त्यांना, मी म्हणालोय म्हणून सांग.”

दुसऱ्या दिवशी दुकानाकडे जाताना तिने ते वाक्य जपानीत मनाशी घोळवलं. अवघड नव्हतं. पण ती आत शिरली तेव्हा हिराओका-सान तांदूळ धूत होती आणि पाण्यातून हात न काढता तिने सांगितलं की मुलाशी रात्री फोन झाला. तुम्ही वाचून दाखवता ते मी दर आठवड्याला त्याला लिहून पाठवते. तो म्हणाला, मैदानात जायच्या आधी ते वाचतो. इतक्या लांबच्या माणसाला माझ्यात काहीतरी दिसतं, असं म्हणाला.

सुचेताला हे माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं की तिचं खोटं त्या कढईशेजारी बोललं जातं आणि तिथेच संपतं. आता ‘परत यावं’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता. एप्रिलपासून इतकं चांगलं म्हणणारा माणूस आता असं का म्हणतो? आणि त्याचं उत्तर एकच होतं.

“ते म्हणाले,” सुचेता म्हणाली, “थांबावं.”

याला दया वगैरे म्हणायचं काही कारण नाही. ती स्वतःचं तोंड वाचवत होती आणि ते तिला त्याच क्षणी माहीत होतं. हिराओका-सानने ओल्या हातांनी वाकून आभार मानले. सुचेताने कोबी चिरायला घेतला आणि बराच वेळ मान वर केली नाही. घरी हेमचंद्रने विचारलं, सांगितलंस का? ती म्हणाली, सांगितलं.

ताकुयाने इथल्या संघाला नाही कळवलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या संघाने त्याला काढून टाकलं. सकाळी पोहे खाताना हेमचंद्रने ती बातमी वाचून दाखवली. नेहमीसारखी टवाळी न करता तो फक्त एवढंच म्हणाला की कमाल आहे, आपण सांगितलं होतं ना? खरं सांगायची वेळ तिथे समोर बसली होती आणि तिने ती ताटाबरोबर उचलून मोरीत नेली. त्या महिन्यात ती दोनदा पोट बिघडल्याचं सांगून कामावर गेली नाही. पोटाचंच काय, तिचं काहीच ठीक नव्हतं. एका माणसाचं वर्ष आपण घालवलं, कदाचित उरलेला सगळा खेळ घालवला, हे तिला भात भरताना, कचरा वेगळा करताना, ट्रेनच्या दाराच्या काचेत स्वतःला बघताना आठवत राहायचं. आणि हिराओका-सान तिला एका शब्दाने काही म्हणत नव्हती. उलट, नवऱ्याला सांगा वाईट वाटून घेऊ नका, अंदाज चुकतात, असं म्हणाली. त्याने सुचेताला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सप्टेंबरात ताकुया परत आला. दुकानात आईला मदत करायला लागला. उंच, अबोल, आईसारखाच. काउंटरमागे त्याला वाकून उभं राहावं लागायचं. आठवड्याभराने त्याने सुचेताकडे एक विनंती केली. तिच्या यजमानांना भेटायची इच्छा होती, आभार मानायचे होते. सुचेताने तीन-चार सबबी सांगितल्या. मग हिराओका-साननेच शनिवार ठरवला. दुकान बंद झाल्यावर, चारला.

हेमचंद्र खूश होता. खराखुरा पिचर भेटणार म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत सुचेता दोनदा थांबली. दोन्ही वेळा त्याने विचारलं, काय झालं? दोन्ही वेळा ती म्हणाली, काही नाही, चल.

हेमचंद्रची जपानी प्रयोगशाळेपुरती होती. त्यामुळे मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायचं काम सुचेताकडेच आलं. चौघं दुकानातल्या छोट्या टेबलाभोवती बसले. ताकुयाने उठून खाली वाकून आभार मानले. वाईट दिवसांत तुमचं बोलणं आधार होतं, असं म्हणाला. सुचेताने ते मराठीत सांगितलं तेव्हा हेमचंद्र चपापला आणि त्याने कधी नव्हे ती खाली मान घातली. मग ताकुयाने विचारलं, “एक गोष्ट मला समजून घ्यायची आहे. जुलैमध्ये तुम्ही थांबावं म्हणालात. तुम्हाला माझ्यात काय दिसलं होतं?”

तिघं सुचेताकडे बघत होते. तिने ते मराठीत सांगितलं, शब्द न शब्द.

“मी कधी म्हणालो थांब?” हेमचंद्र म्हणाला. “मी तर परत ये म्हणालो होतो. सुचेता, मी काय म्हणालो होतो?”

तिने मग जपानीत सांगितलं. नवरा म्हणाला होता परत यावं. थांबावं हे मी म्हणाले. आधीचंही तसं काही त्याने लिहिलं नव्हतं. तो तुमची थट्टा करायचा. चांगलं होतं ते सगळं माझं होतं.

हिराओका-सान टेबलाकडे बघत होती. ताकुयाने विचारलं, थट्टा म्हणजे काय लिहायचे? खरं वाचाल?

सुचेताने फोन काढला. हेमचंद्र मराठीत म्हणाला, नको, राहू दे, पण तिने मे महिन्यातला लेख उघडला आणि पहिल्यांदाच जसा होता तसा जपानीत सांगायला लागली. सुरुवातीची टवाळी सांगताना तिचा आवाज फाटत होता. मग एक परिच्छेद आला जो तिने मेमध्ये नुसता ओलांडला होता. ‘गंमत सोडा. हा टाकतो तेव्हा याचा पुढचा पाय रोवलाच जात नाही, गुडघा दुमडतो. म्हणून वेग जातो आणि चेंडू वर राहतो. घोटा दुखत असलेला बोलर असंच करतो, मी स्वतः एक मोसम तेच केलंय. याला कुणीतरी हे सांगायला हवं. महिनाभर पाय बांधून बसला तर सुधारेल.’

ताकुया पुढे वाकला. “हे कधीचं?”

“मे.”

“मार्चमध्ये घोटा मुरगळला होता,” तो म्हणाला. “बरा झाला असं वाटलं. खालच्या लीगमध्ये आमच्यासारख्यांकडे कुणी इतकं बघत नाही. मला संघाने हेच ऑगस्टमध्ये सांगितलं. काढून टाकलं त्या दिवशी, दारात.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर सुचेताला बरं वाटलं असतं. तिने माफी मागितली. जपानीत माफीचे जेवढे शब्द या दुकानाने तिला शिकवले होते तेवढे सगळे तिने वापरले, आणि त्यातला एकही पुरला नाही. हेमचंद्र मान खाली घालून बसला होता. त्याच्याही वाट्याची थोडी माफी त्यात होती, पण ती त्याला कोणत्याच भाषेत मागता येईना.

हिराओका-सानने तिला मध्येच थांबवलं.

“सुचेता-सान,” ती म्हणाली, “मी दर आठवड्याला विचारायचे ते मुलाच्या खेळाला कामी यावं म्हणून विचारायचे. तुम्हाला वाटलं, मी माझ्यासाठी विचारते.”

मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, “पुढचं वाचा. काही गाळू नका.”

सुचेताने जूनचा लेख उघडला.